सप्ताहाची पत्रिका छापायचीय? आधी कामं वाटा, नावं आपोआप बसतात

प्रश्न थोडक्यात असा आहे की गावच्या अखंड हरिनाम सप्ताहाचं यंदा पंचविसावं वर्ष, पत्रिकेचं काम पहिल्यांदाच अंगावर आलंय, दरवर्षी नावांवरून भांडणं होतात, किती छापायच्या, कागद कुठला घ्यायचा, आणि सगळ्यांकडे व्हॉट्सअॅप असताना मुळात छापायचीच कशाला.

सांगतो, जरा लांबेल. तालुक्याच्या गावी आमचा छापखाना आहे, वडिलांनी ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाई यंत्रावर सुरू केलेला, मी शाळेत होतो तेव्हापासून खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला बसायचो आणि आमच्या स्वतःच्या गावच्या सप्ताहाच्या कमिटीतही बरीच वर्षं आहे, म्हणजे पत्रिका छापणाराही मी आणि छापल्यावर शिव्या खाणाराही मीच. ट्रेडलच्या काळात सप्ताहाची पत्रिका आली की आमच्याकडे ह, भ आणि प हे तीन खिळे सगळ्यात आधी संपायचे, कारण प्रत्येक नावाच्या आधी ह.भ.प., म्हणजे हरिभक्तपरायण, आणि एका पत्रिकेत अशी साठ-सत्तर नावं. वडील म्हणायचे अर्धी पत्रिका आधी छापू, खिळे सोडवू, मग उरलेली जुळवू, आणि खरंच तसं दोन फेऱ्यांत छापायचो. आता कॉम्प्युटरवर ह.भ.प. कितीही वेळा मारता येतं, त्यामुळे नावंही वाढतच गेली आणि भांडणं पण.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. पत्रिका म्हणजे लोकांना वाटतं आमंत्रण. आमंत्रणासाठी खरंच व्हॉट्सअॅप पुरेसं आहे, अर्ध्या तासात मुंबई-पुण्याच्या पाव्हण्यांपर्यंत पोचतं. पण सप्ताहाची पत्रिका ही आमंत्रणापेक्षा जास्त गावाची कामाची यादी असते. कुणाची पंगत कधी, काकडा कोण धरणार, पारायणाचं व्यासपीठ चालवणार कोण, महाराजांचा मुक्काम कुणाकडे, मृदंगाला कोण, हे सगळं त्या एका कागदावर असतं आणि तो कागद आठ दिवस प्रत्येकाच्या घरात खिळ्याला अडकवलेला असतो. मोबाईलवर आलेली इमेज चौथ्या दिवशी दोनशे मेसेजच्या खाली गेलेली असते, आणि ज्या म्हातारीला आज आपल्या घरची पंगत आहे का उद्या हे बघायचंय ती काही वरती स्क्रोल करत बसत नाही. म्हणून छापा, पण यादी म्हणून छापा. ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की नावांची अर्धीअधिक भांडणं तिथंच मिटतात, कारण नियम एकच उरतो: ज्याच्या नावासमोर काम नाही त्याचं नाव पत्रिकेत नाही.

ऐकायला कडक वाटतं, पण करून बघा. सल्लागार, मार्गदर्शक, प्रेरणास्थान, आधारस्तंभ, विशेष सहकार्य, ही सगळी कॉलमं म्हणजे भांडणाची जागा, कारण त्यात कुणाला घ्यायचं आणि कुणाला वगळायचं याला काही मोजमापच नाही. एकाला आधारस्तंभ केला की भावकीतले चार खांब उभे राहतात. त्यापेक्षा जो कोणी म्हणेल माझं नाव हवं, त्याला विचारायचं, कोणतं काम घेता? काकड्यानंतरचा चहा घ्या, पाण्याचा टँकर घ्या, महाराजांना स्टँडवरून आणायची गाडी घ्या, मंडपात रोज संध्याकाळी झाडलोट घ्या. घेतलं तर नाव बिनधास्त छापा, अगदी झाडलोट म्हणून छापा. आमच्या गावात एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांनी स्वतःहून चपला सांभाळायचं काम मागून घेतलं आणि पत्रिकेत तसंच छापलं, ‘पादत्राणे व्यवस्था’. त्यानंतर कुणी कामाला लाजलं नाही.

आता दिवस कसा मांडायचा ते. तुमच्याकडे पंचवीस वर्षं चालू आहे म्हणजे क्रम माहीतच असेल, पहाटे काकडा, मग विष्णुसहस्रनाम, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी पंगत, नंतर गाथा भजन नाहीतर महिलांचं भजन, चारला प्रवचन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री हरिकीर्तन आणि त्यानंतर जागर. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. बहुतेक पत्रिकांत हे एका चौकटीत ‘दैनंदिन कार्यक्रम’ म्हणून येतं आणि खाली कीर्तनकारांची तारीखवार यादी. इथपर्यंत ठीक. घोळ होतो तो वेळांत. जुन्या पत्रिकांत काकडा ४ ते ६ आणि कीर्तन ९ ते ११ असं सर्रास असायचं आणि लोक तेच उचलून पुन्हा छापतात. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते आणि ते दिवस जिल्ह्यात जाहीर होतात, त्यात तुमचा सप्ताह येईलच असं धरू नका. म्हणजे तुम्ही स्पीकर लावून कीर्तन ९ ते ११ छापलं तर तक्रार करणाऱ्याला वेगळा पुरावा गोळा करायची गरजच नाही, तुम्हीच सही-शिक्क्यानिशी छापून वाटलाय. आमच्याकडं आता कीर्तन ७ ते ९ झालंय. सुरुवातीला म्हातारी माणसं कुरकुरली की एवढ्या लवकर शेतातून कोण येणार, पण बायांना ते फार सोयीचं पडलं आणि गर्दी उलट वाढली. काकडा पहाटेच, पण बिनस्पीकरचा, टाळ-मृदंगावर, आणि खरं सांगायचं तर तोच कानाला बरा लागतो.

कीर्तन दोन तासांचं धरलं तर दोन तास पूर्ण महाराजांना मिळाले पाहिजेत हे पत्रिकेतच बांधून घ्या. वारकरी कीर्तनात जय जय रामकृष्ण हरी, रूपाचा अभंग, मग मूळ अभंगाचं निरूपण असं ते चढत जातं, मधे तोडता येत नाही. आपण काय करतो, सातला महाराज उभे राहायच्या आत तालुक्याचे कोणीतरी येतात, त्यांचा सत्कार, मग त्यांचं मनोगत, मग त्यांच्याबरोबर आलेल्या चौघांचे सत्कार, आणि साडेसातला महाराज वीणा धरतात. म्हणून हरिपाठ ५ ते ६ ठेवा आणि ६ ते ७ हा तास पत्रिकेत रिकामा सोडा. काही लिहू नका तिथं. सत्कार, सूचना, हरवलेली चप्पल, सापडलेली किल्ली, सगळं त्या तासात खपतं. ज्याने कार्यक्रमपत्रिकेत मिनिटाला मिनिट चिकटवून ठेवलं त्याचा कार्यक्रम कोलमडतोच, मग तो सप्ताह असो, शाळेचं गॅदरिंग असो की पतसंस्थेची वार्षिक सभा असो. मी अशा शेकडो छापल्यात, दीपप्रज्वलन १०.००, स्वागतगीत १०.०५, प्रास्ताविक १०.१०, आणि पाहुणे येतात साडेअकराला.

काल्याच्या दिवसाचं वेगळं दुखणं आहे. कीर्तन १० ते १२, वरून ऊन, पोरं दहीहंडीकडे डोळे लावून बसलेली, आणि हंडी फुटायच्या आत एक जण माईक घेऊन देणगीदारांची यादी वाचायला उभा राहतो. पाचशे एक, पाचशे एक, अकराशे, पाचशे एक. चाळीस मिनिटं जातात आणि आचारी तिकडून निरोपावर निरोप धाडतो की आमटी घट्ट व्हायला लागली. यावर आमचा तोडगा असा की जे छापलं ते वाचायचं नाही. पत्रिकेत आलेली नावं माईकवर नाहीत. पत्रिका छापल्यानंतर ज्यांनी दिलं त्यांच्यासाठी देवळाच्या भिंतीला एक फलक, रोज संध्याकाळी भर घालायची. दोन वर्षं लोकांना चुकल्यासारखं वाटलं, आता कुणाला आठवतही नाही.

अन्नदात्यांचं गणित तर पंचविसाव्या वर्षी नक्की अडणार, कारण सात दिवस, दोन वेळा, म्हणजे पंगती चौदा आणि मागणारे निघतील तीस. नाही कुणाला म्हणायचं? कुणालाच नको. पंगत फोडा. सकाळचा काकड्यानंतरचा चहा हे सात मान झाले, चारच्या प्रवचनानंतरचं दूध हे अजून सात. पंगतीत दोन घरं एकत्र घ्या. आणि यादी मोठेपणाप्रमाणे किंवा रकमेप्रमाणे कधीच लावू नका, फक्त तारखेप्रमाणे. तारीख कुणाला कोणती हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, लहान मुलाच्या हातून देवासमोर, की मग वर-खाली नाव आलं म्हणून कुणी तक्रार करायची ती पांडुरंगाकडे करायची.

इथंच एक बोलतो, काहींना आवडणार नाही. आपल्या पत्रिकांत सगळ्या पुरुषांची नावं ह.भ.प. लावून येतात आणि शेवटी एक ओळ, ‘समस्त महिला भजनी मंडळ’. दुपारच्या पंगतीला घरोघरच्या भाकरी कोण थापतं? पारायणाला बसलेल्यांत निम्म्याहून जास्त कोण असतं? जर नाव कामासमोर हा नियम धरला तर त्यांची नावं यायलाच पाहिजेत, सौ. अमुक तमुक, आळी अमुक, भाकरी संकलन. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा असं छापलं तेव्हा एका घरातल्या आजींनी तेवढी ओळ कातरीने कापून देव्हाऱ्याजवळ लावली. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव छापलेलं बघितलं होतं, लग्नाच्या पत्रिकेत होतं ते पण चि.सौ.कां. म्हणून माहेरचं, आणि त्या नावाने त्यांना कुणी नंतर हाकच मारली नाही.

विण्याचा पहारा मात्र पत्रिकेत घालू नका, तो वेगळा कागद. अखंड म्हणजे सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, १६८ तास, दोन-दोन तासांचे पहारे धरले तर ८४ होतात, एवढी नावं पत्रिकेत घातली तर वाचायला भिंग लागेल. ए-थ्री कागदावर मोठ्या अक्षरात तक्ता करा, आळीप्रमाणे, आणि देवळात खांबाला लावा. रात्री १२ ते ४ चे पहारे तरुण पोरांना द्या पण प्रत्येक पहाऱ्यात एक मुरलेला माणूस ठेवा, नाहीतर पोरं टाळ बाजूला ठेवून मोबाईलवर असतात आणि विणेकरी एकटाच डुलक्या देत उभा. हे मी बघितलंय, आणि खोटं कशाला बोलू, लहानपणी केलंय पण.

कीर्तनकारांच्या तारखा. नावाजलेल्या महाराजांची तारीख वर्षभर आधी घ्यावी लागते, लोक काल्यालाच पुढच्या वर्षीची पक्की करून टाकतात. आळंदीत जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं शिकून बाहेर पडलेले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले कीर्तनकार आता गावोगाव आहेत, त्यामुळे सातही दिवस फक्त मोठीच नावं पाहिजेत असा हट्ट धरू नका, दोन मोठी, पाच जवळपासची ठेवा, खर्चही आवरतो आणि ऐकायलाही वेगवेगळं मिळतं. तारीख घेताना चार गोष्टी विचारून लिहून घ्या: नाव छापायचं कसं, गावाचं नाव कोणतं लावायचं, मृदंग आणि गायक बरोबर आणणार का आपण द्यायचे, आणि मुक्काम की परत जाणार. नाव छापायचं कसं हे फार महत्त्वाचं आहे. कुणाला महाराज आडनावानंतर लागतं, कुणाला नावानंतर, कुणाला शास्त्री लागतं, कुणाला रामायणाचार्य. एकदा एका महाराजांच्या नावाची पदवी गाळली गेली तर ते कीर्तनात हसत हसत म्हणाले की पत्रिकावाल्यांनी आमचा भार हलका केला, पण चेहऱ्यावरून कळत होतं. छापायला द्यायच्या आदल्या दिवशी सातही जणांना परत फोन. एखाद्याची तारीख दोन गावांना दिली गेलेली असते, मुद्दाम नाही, डायरी दोघांच्या हातात असली की होतं तसं.

आता माझ्या धंद्याचं. सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मागच्या वर्षीची फाईल. ‘तीच फाईल घ्या आणि तारखा बदला’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्याच फाईलमुळे माझ्या हातून एकदा असं झालं की एका पंगतीच्या ओळीत आदल्या वर्षी ‘वै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ होतं, त्या जागी नवीन अन्नदात्याचं नाव टाकलं आणि ते वै., म्हणजे वैकुंठवासी, तसंच राहिलं. माणूस ठणठणीत. दोन दिवसांनी एसटीनं स्वतः आमच्या दुकानात आले, पत्रिका काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, “वैकुंठाला किती वाजता निघायचं ते पण छापा ना, तयारीला बरं पडेल.” मी पाया पडलो, हजार पत्रिका परत छापून दिल्या, माझ्या खर्चानं. ते गृहस्थ त्यानंतर नऊ वर्षं जगले आणि दर वर्षी प्रूफ बघायला हक्कानं यायचे.

जुन्या फाईलीतून दुसरी गोष्ट चुकते ती शके आणि तिथी. वरच्या ओळीत शके लिहायची पद्धत आहे, ते पाडव्याला बदलतं, एक जानेवारीला नाही. २०२६ चंच घ्या, पाडवा १९ मार्चला आहे. माघातला किंवा फाल्गुनात तुकाराम बीजेचा सप्ताह असेल तर शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सर, आणि रामनवमी किंवा हनुमान जयंतीचा असेल तर शके १९४८ पराभवनाम संवत्सर. त्यात यंदा ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे त्यानंतरचे सगळे सण मागच्या वर्षापेक्षा उशिरा आलेत, २०२५ ची आषाढी ६ जुलैला होती, २०२६ ची २५ जुलैला. श्रावणातला किंवा गोकुळाष्टमीचा सप्ताह असेल आणि कुणी मागच्या वर्षीच्या तारखेत दहा-अकरा दिवस वजा करून अंदाजानं सांगितलं तर पार महिनाभर चुकेल. पंचांग उघडून बघा, आणि तारीख, वार, तिथी तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते ओळीगणिक तपासा.

पंचविसावं वर्ष म्हणताय तर त्याचाही हिशोब एकदा मीटिंगमध्ये करून घ्या. २००२ ला पहिला झाला असेल तर २०२६ ला पंचविसावा, पण २०२० आणि २०२१ ला काय केलं होतं? काही गावांनी चार-पाच जणांत नुसता विणा उभा ठेवून परंपरा चालू ठेवली, काही गावांत बंदच होतं. बंद असेल तर मोजायचं का नाही यावर छापून झाल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. आणि ‘२५ वे वर्ष’ आणि ‘२५ वर्षे पूर्ण’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पत्रिकेवर एक आणि कमानीवर दुसरं असं करू नका.

मजकूर देताना व्हॉट्सअॅपवर तुकड्या-तुकड्यात, व्हॉईस मेसेजमध्ये, वहीच्या पानाचा तिरका फोटो काढून पाठवू नका, हात जोडून सांगतो. एका माणसानं, एकाच ठिकाणी, टाईप करून द्या. आणि आमच्या बाजूची एक अडचण तुम्हाला माहीत असलेली बरी. तुम्ही मोबाईलवर टाईप करता ते युनिकोडमध्ये, आणि बऱ्याच छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात काम चालतं, मधे मजकूर कन्व्हर्ट करावा लागतो. त्यात हमखास मरतो तो ऱ्य. सप्ताहाच्या पत्रिकेत तर हे अक्षर पावलापावलाला, वारकऱ्यांनी, टाळकऱ्यांनी, विणेकऱ्यांनी, गावकऱ्यांनी, दुसऱ्या दिवशी. कन्व्हर्ट झाल्यावर त्याचं ‘वारकर्यांनी’ होतं, य वर रफार चढून बसतो, आणि नजरेला चटकन दिसत नाही कारण आपण शब्द आख्खा वाचतो. प्रूफ, म्हणजे तपासायची प्रत, आलं की पहिल्यांदा फक्त हे ऱ्य शोधत एक फेरी मारा. दुसरी फेरी फक्त आकड्यांची, तारीख, वेळ, मोबाईल नंबर, एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं मूळ कागदावर बोट ठेवायचं. तिसरी फेरी नावांची, आणि ती गावातल्या अशा माणसाकडून ज्याला सगळ्या भावक्या माहीत आहेत. प्रूफ मोबाईलवर बघू नका, कागदावर काढून घ्या, आणि त्याच कागदावर ‘छापण्यास हरकत नाही’ लिहून सही करा. आमच्यासाठी नाही, तुमच्यासाठी, सही करायची म्हटलं की माणूस नीट वाचतो.

कागदाचं सोपं आहे. एका दमात वाचता येईल अशी एकच शीट करा, पुस्तिका नको. २० बाय ३० च्या शीटमधून १० बाय १५ इंचाच्या चार निघतात, कागद वाया जात नाही, मधे घडी घातली की हातात मावते आणि उघडली की भिंतीला लावता येते. १३० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) आर्ट पेपर भरपूर झाला. लोक ३०० जीएसएमचं कार्ड मागतात रौप्यमहोत्सव म्हणून, पण जाड कार्डाला आधी क्रीज, म्हणजे घडीची खोलगट रेघ, मारावी लागते, नाही मारली तर घडीवर शाई तडकते आणि नेमकी पांडुरंगाच्या चेहऱ्यावरून पांढरी रेघ जाते. आणि चकचकीत कार्डावर पेनानं काही लिहिता येत नाही, गावात लोक पत्रिकेवर लिहितात, दुधाचा हिशोब लिहितात, कुणाचा फोन नंबर लिहितात, लिहू द्या. रंगीत मजकूर टाळा, बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत, चार रंग एकावर एक जरा सरकले की अक्षराला भूत लागल्यासारखी सावली दिसते. मागे गर्द फोटो आणि त्यावर पिवळी अक्षरं, हे डिझाईन मोबाईलवर झकास दिसतं आणि कंदिलासारख्या उजेडात देवळात वाचता येत नाही.

देवांचे फोटो कमी ठेवा. विठ्ठल-रखुमाई, ज्ञानोबा-तुकोबा, ग्रामदैवत, बस. देवाचा फोटो असलेला कागद लोक फाडत नाहीत, टाकत नाहीत, मग ते वर्षभर खिडकीत धूळ खातं आणि शेवटी नदीत जातं. पुढाऱ्यांच्या फोटोंबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नकोच, पण पैसे त्यांच्याकडूनच यायचे असतील तर मागच्या पानावर खाली एक जाहिरातीची पट्टी द्या, वर नाही. निवडणूक जवळ असेल तर तीही नको. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता टाकायचं बंधन १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे, आणि सप्ताहाच्या पत्रिकेवर उमेदवार झळकला की ती पत्रिका का प्रचारपत्रक हा वाद आमच्या दारात येतो. क्यूआर टाकणार असाल तर तो मंडळाच्या किंवा ट्रस्टच्या खात्याचाच, खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा कधीच नाही, खजिनदार कितीही देवमाणूस असला तरी. छापायच्या आधी एक रुपया पाठवून कुणाचं नाव दिसतं ते बघा. मंडळ रजिस्टर नसेल तर वर्गणी गोळा करायला धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, ते पत्रिकेच्या आधी उरकून घ्या.

किती छापायच्या? घरं मोजा. समजा साडेतीनशे उंबरा, तर तेवढ्या, शेजारच्या पाच-सहा गावांच्या देवळांत आणि भजनी मंडळांना मिळून शंभर, बाहेरगावी राहणाऱ्यांसाठी शंभर, वर पन्नास. म्हणजे सहाशे. ऑफसेटला प्लेटचा आणि मशीन लावायचा खर्च पाचशेला तोच आणि हजारला तोच, पुढे फक्त कागद वाढतो, त्यामुळे छापखानेवाला म्हणेल हजारच करा. मीही म्हणतो. पण तुम्ही मागू नका, उरलेल्या चारशे पत्रिका शेवटी समाजमंदिराच्या माळ्यावर उंदरं खातात. दोनशेच्या आतबाहेर असेल तर डिजिटलवर काढा, स्वस्त पडतं. मजकूर महिनाभर आधी द्या, वाटप पंधरा दिवस आधी, आणि पत्रिका घरी जाऊन हातात द्यायची, दाराच्या कडीत अडकवायची नाही, त्या घराला दिलेलं काम आहे त्या ओळीवर बोट ठेवून एकदा वाचून दाखवायचं. ‘मावशी, ही तुमची पंगत, पंचमी, शुक्रवार, सकाळची.’ एवढं केलं की आयत्या वेळी ‘आम्हाला कुणी सांगितलंच नाही’ हे ऐकावं लागत नाही.

अजून एक, रौप्यमहोत्सव आहे म्हणून. पहिल्या वर्षाची पत्रिका शोधा. देवळातल्या पेटीत नाहीतर कुठल्यातरी जुन्या विणेकऱ्याच्या पोथीत खूण म्हणून घडी घातलेली सापडेल, बहुतेक गुलाबी नाहीतर पिवळ्या स्वस्तातल्या कागदावर, एका रंगात. मिळाली तर यंदाच्या पत्रिकेच्या मागच्या बाजूला जशीच्या तशी छापा, त्यातल्या चुकांसकट. फोटो काढताना फ्लॅश मारू नका, कागद काचेखाली सपाट करून दिवसाच्या उजेडात सरळ वरून काढा, घडीवर हात फिरवून इस्त्री करायला जाऊ नका, तो कागद घडीवरच तुटतो. स्कॅन करायचं असेल तर आमच्याकडं घेऊन या, त्याचे पैसे नाही घेत.